गुदामातील यंत्रमानवांची जोडप्रणाली

जोडप्रणाली, गुदामातील यंत्रमानवांची : गुदामातील मालाचा व मागण्यांचा हिशेब ठेवणारी संगणकीय व्यवस्थापन प्रणाली आणि त्याच गुदामात माल प्रत्यक्ष हलविणारे यंत्रमानव यांच्यात आज्ञा व अहवाल यांची देवघेव घडवून आणणाऱ्या आज्ञावलीला जोडप्रणाली म्हणतात. कोणता माल कोठे आहे व कोणाला किती हवा आहे, हे व्यवस्थापन प्रणालीला ठाऊक असते. परंतु माल हलविण्याचे साधन तिच्यापाशी नसते. यंत्रमानवाला चालणे, उचलणे व ठेवणे साधते. परंतु उचललेल्या खोक्यात औषध आहे की साबण, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. या दोहोंमधील दुभाष्याचे काम जोडप्रणाली करते. दुभाष्याने अर्थाचा अनर्थ केला, तर तो दोन्ही पक्षांच्या लक्षात उशिरा येतो. जोडप्रणालीचेही तसेच आहे.

या प्रणालीची निवड वरकरणी निव्वळ तांत्रिक बाब वाटते. गेल्या सात दशकांचा इतिहास पाहता मात्र तिचे महत्त्व फार मोठे असल्याचे दिसते. यंत्रे झिजतात व बदलली जातात. पण एकदा निवडलेला दुवा यंत्रांच्या अनेक पिढ्यांना, संपूर्ण व्यवसायाला आणि तेथील कामगारांना बांधून ठेवतो. या निवडीच्या मुळाशी दोन प्रश्न असतात. मालाविषयी अंतिम सत्य कोणत्या प्रणालीच्या नोंदीत मानावयाचे, हा पहिला; आणि दुव्यावर बोलली जाणारी भाषा कोणाच्या मालकीची, हा दुसरा. या प्रश्नांची उत्तरे वेळीच न दिल्याची किंमत अनेक संस्थांना मोजावी लागली आहे. [→ यंत्रमानव, स्वयंचालन].

प्रारंभीची यंत्रे : चालकाविना धावणाऱ्या मालवाहू गाडीचा गुदामातील वापर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुरू झाला. बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने तयार केलेली, विद्युत् तारेचा माग घेत जाणारी ओढगाडी १९५४ मध्ये साउथ कॅरोलायना राज्यातील कोलंबिया येथील मर्क्युरी मोटर फ्रेट या वाहतूक कंपनीत बसविण्यात आली. तिचा मार्ग तारेनेच ठरविलेला असल्यामुळे तिला कोणत्याही हिशेबप्रणालीशी संवाद साधण्याचे कारण नव्हते. दुवा होता तो माणूस. तो गाडीत माल भरी, तिला सोडून देई व वहीत नोंद करी.

यूरोपात यांत्रिकीकरणाची दिशा उंचीकडे वळली. जर्मनीतील ग्यूटर्सलो येथे बेर्टल्समान या प्रकाशनसंस्थेसाठी डेमाग कंपनीने १९६२ मध्ये सुमारे २० मी. उंच फडताळांचे गुदाम उभारले. फडताळांच्या दोन रांगांमधील बोळातून धावणारी यारी त्यात माल ठेवण्याचे व काढण्याचे काम करी. जपानमध्ये दाइफुकू कंपनीने १९६६ मध्ये स्वयंचलित गुदामाची उभारणी केली. त्या काळी अशा यंत्रणांना आज्ञा देण्यासाठी छिद्रपत्रांचा वापर करीत. एक पत्र म्हणजे एक आज्ञा, अशी व्यवस्था असे. पत्रांचा गठ्ठा हीच तेव्हाची जोडप्रणाली होय, असे म्हणता येईल. तिच्यात वेग नव्हता. पण आज्ञा हरवली किंवा दोनदा दिली गेली, तर ती डोळ्यांना दिसत असे. पुढील काळात वेग वाढला आणि ही दृश्यता गेली.

यानंतरच्या तीन घटनांनी संगणकीय दुव्याची पूर्वतयारी केली. रिलेंच्या जाळ्याऐवजी आज्ञावलीने चालणारा ‘मोडिकॉन ०८४’ हा नियंत्रक १९६०–७० या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सच्या गरजेतून निर्माण झाला. डिक मॉर्ले हे त्याच्या निर्मात्यांपैकी प्रमुख होत. अशा नियंत्रकांना आज ‘पीएलसी’ या नावाने ओळखतात. दुसरी घटना बारकोडची. नॉर्मन वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर यांना या कल्पनेचे एकस्व १९५२ मध्ये मिळाले होते. पण किराणा दुकानांतील वापराला २६ जून १९७४ रोजी ओहायओ राज्यातील ट्रॉय येथील मार्श सुपरमार्केटमध्ये प्रारंभ झाला. वस्तूला यंत्राने वाचता येईल असे नाव मिळाल्याने गाडीचा प्रवास व वस्तूची नोंद यांचा मेळ घालणे शक्य झाले. तिसरी घटना स्वीडनमधील काल्मार येथे १९७४ मध्ये सुरू झालेल्या व्होल्व्हो मोटारींच्या कारखान्याची. तेथे सरकत्या जोडणीपट्ट्याऐवजी स्वयंमार्गदर्शित गाड्या वापरल्या गेल्या. अशा गाड्यांचा मोठा ताफा एका मध्यवर्ती यंत्रणेकडून चालविता येतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

स्तररचना : मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये ‘मोडबस’ हे संदेशनियम प्रसिद्ध केले. नियंत्रकातील विशिष्ट क्रमांकाच्या स्मृतिकोशातील आकडा वाचणे किंवा त्यात आकडा लिहिणे, एवढेच त्यांचे स्वरूप होते. नियम खुले असल्यामुळे ते सर्वत्र पसरले. परंतु ‘४२ क्रमांकाच्या कोशात ७ लिहा’ या संदेशावरून त्या ७ चा अर्थ कळत नाही. तो अर्थ प्रत्येक गुदामात अभियंत्याने स्वतंत्रपणे ठरवावा लागे व पुष्कळदा तो त्याच्याच टिपणवहीत राही. अभियंता नोकरी सोडून गेला, की दुव्याचा अर्थही त्याच्याबरोबर जाई.

दुसऱ्या बाजूला कार्यालयातील संगणकांवर साठा व मागण्या यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आज्ञावल्या वाढत होत्या. १९७२ मध्ये जर्मनीत स्थापन झालेल्या एसएपी कंपनीची ‘आर/३’ ही प्रणाली १९९२ मध्ये बाजारात आली. तिने लेखा, खरेदी, विक्री व साठा यांचे व्यवहार एकत्र आणले. या कार्यालयीन प्रणालीचा कालमान तासांचा किंवा दिवसांचा असतो, तर वाहक पट्ट्यावरील खोके कोणत्या फाट्याला वळवावयाचे, हा निर्णय सेकंदाच्या काही भागात घ्यावा लागतो. या दोन कालमानांतील अंतर भरून काढण्यासाठी मधले स्तर निर्माण झाले. सर्वांत वर उद्योगाची हिशेबप्रणाली, तिच्या खाली गुदाम व्यवस्थापन प्रणाली, तिच्या खाली पट्टे व यारी यांना क्षणोक्षणी आज्ञा देणारी गुदाम नियंत्रण प्रणाली आणि तळाशी नियंत्रक व यंत्रे, अशी उतरंड रूढ झाली. कामांचा क्रम लावणारी ‘कार्यवाही प्रणाली’ पुढे या उतरंडीत आणखी एक स्तर म्हणून आली. कारखान्यांसाठी अशाच स्तरांची आखणी पर्ड्यू विद्यापीठातील थिओडोर विल्यम्स यांच्या कार्यातून झाली होती. तिच्या आधारे ‘आयएसए–९५’ या मानकाचा पहिला भाग २००० मध्ये प्रसिद्ध झाला.

स्तर वाढले, तसे सांधेही वाढले. प्रत्येक सांध्यावर एकाच खोक्याची दोन ठिकाणी नोंद होऊ लागली. त्या दोन नोंदींत तफावत पडली, तर कोणती खरी मानावयाची, हा प्रश्न पुष्कळ गुदामांत प्रत्यक्ष तफावत पडेपर्यंत कोणी विचारीत नसे.

फॉक्समायर प्रकरण : या प्रश्नाचे गांभीर्य दाखविणारे उदाहरण म्हणून फॉक्समायर या अमेरिकन कंपनीचा उल्लेख करण्यात येतो. टेक्सस राज्यातील कॅरोल्टन येथे मुख्यालय असलेली ही कंपनी औषधांचा घाऊक व्यापार करी व तिची वार्षिक उलाढाल सुमारे ५ अब्ज डॉलर होती. १९९३ मध्ये तिने एकाच वेळी दोन मोठे निर्णय घेतले. हिशेब व मागण्यांसाठी ‘आर/३’ ही नवी प्रणाली स्वीकारावयाची, हा एक. व ओहायओ राज्यातील वॉशिंग्टन कोर्ट हाउस येथे पिनॅकल ऑटोमेशन कंपनीच्या यंत्रणेने चालणारे स्वयंचलित गुदाम उभारावयाचे, हा दुसरा. दोन्ही प्रणाली वेगवेगळ्या पुरवठादारांच्या होत्या. त्या दोहोंना जोडणे, हे स्वतंत्र व अवघड काम होऊन बसले.

त्यातच कंपनीने १९९४ मध्ये रुग्णालयांच्या एका मोठ्या गटाशी पुरवठ्याचा करार केला. त्यामुळे मागण्यांची संख्या मूळ अंदाजाबाहेर गेली. जुन्या मोठ्या संगणकावर रात्रीतून सुमारे ४,२०,००० मागण्यांवर प्रक्रिया होत असे, तर नव्या प्रणालीवर सुमारे १०,००० एवढ्याच मागण्या पुऱ्या होत, असे या प्रकरणाच्या अभ्यासांत नमूद केलेले आहे. नव्या केंद्रामुळे तीन जुनी गुदामे बंद व्हावयाची होती; साहजिकच तेथील कामगारांचे मनोबल खचले व काम बिघडले. २७ ऑगस्ट १९९६ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला व नंतर तिचा मुख्य व्यवसाय मॅकेसन या प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला. दिवाळखोरीतील विश्वस्ताने १९९८ मध्ये आज्ञावलीचा पुरवठादार व सल्लागार संस्था यांच्यावर प्रत्येकी ५० कोटी डॉलरचे दावे लावले. दोन्ही कंपन्यांनी आरोप नाकारले.

कंपनीच्या नाशाला एकच कारण होते, असे म्हणता येत नाही. घाऊक औषध व्यापारातील तीव्र स्पर्धेचाही त्यात वाटा होता. तथापि एक निष्कर्ष सर्वसाधारणपणे मान्य झाला आहे. दोन उत्तम प्रणाली स्वतंत्रपणे निवडल्या म्हणून त्यांची जोडणीही उत्तम होते, असे नाही. जोडणीची कसोटी खऱ्या कामाच्या कमाल भाराखाली आधी घ्यावी लागते आणि ती घेईपर्यंत जुनी व्यवस्था मोडून चालत नाही.

किव्हा व बंदिस्त प्रणालीचा काळ : इंटरनेटवरून किराणा विकणारी वेबव्हॅन ही कंपनी जुलै २००१ मध्ये दिवाळखोर झाली. तिने यंत्रांनी सज्ज अशी मोठी वितरण केंद्रे उभारली होती. पण ती भरून चालतील एवढ्या मागण्या आल्या नाहीत. जमिनीला खिळलेले पट्टे मागणीप्रमाणे कमीजास्त करता येत नाहीत. या कंपनीत काम केलेले मिक माउंट्झ यांनी २००३ मध्ये नव्या उपक्रमाची स्थापना केली व पीटर वर्मन आणि राफाएल्लो द’आंद्रेआ हे अभियंते त्यांना येऊन मिळाले. हाच उपक्रम पुढे ‘किव्हा सिस्टिम्स’ या नावाने प्रसिद्ध झाला.

किव्हाच्या रचनेत माणूस मालाकडे जाण्याऐवजी माल माणसाकडे येतो. बुटका यंत्रमानव सुट्या फडताळाखाली शिरून ते उचलतो व जमिनीवर चिकटविलेल्या संकेतचिन्हांच्या आधारे कामगाराच्या ठाण्यापर्यंत नेतो. मागण्या व्यवस्थापन प्रणालीकडून येतात. परंतु कोणते फडताळ, कोणत्या यंत्रमानवाने, कोणत्या ठाण्यावर न्यावयाचे, हा निर्णय किव्हाची स्वतःची आज्ञावली घेते. म्हणजेच वरच्या प्रणालीने ‘काय हवे’ एवढेच सांगावयाचे व ‘कसे’ हे खालच्या प्रणालीने ठरवावयाचे, अशी स्वच्छ विभागणी तीत होती. वस्तू नेमकी कोणत्या फडताळाच्या कोणत्या कप्प्यात आहे, ही माहितीही खालीच राहू लागली. विभागणी कार्यक्षम होती. पण गुदामाच्या स्मृतीचा एक मोठा भाग त्यामुळे यंत्रपुरवठादाराच्या प्रणालीत गेला.

याचा परिणाम लवकरच दिसला. मार्च २०१२ मध्ये ॲमेझॉन कंपनीने ७७·५ कोटी डॉलरला किव्हा विकत घेण्याचे जाहीर केले. २०१५ मध्ये तिचे ‘ॲमेझॉन रोबोटिक्स’ असे नामांतर झाले. स्टेपल्ससारख्या किरकोळ विक्री कंपन्या किव्हाच्या ग्राहक होत्या व त्यांतील काहींची ॲमेझॉनशी थेट स्पर्धा होती. बाहेरच्यांना ही यंत्रणा नव्याने मिळणे बंद झाले व जुन्या ग्राहकांना करारांची मुदत संपेल तसे पर्याय शोधावे लागले. मॅसॅचूसेट्स राज्यातील क्वाएट लॉजिस्टिक्स ही अशांपैकी एक कंपनी. पर्याय न मिळाल्याने तिच्या चालकांनी स्वतःच यंत्रमानव बनविण्यास आरंभ केला व त्यातून ‘लोकस रोबोटिक्स’ ही कंपनी जन्मास आली. ॲमेझॉनच्या ताफ्यातील यंत्रमानवांची संख्या २०२५ मध्ये दहा लाखांवर गेल्याचे त्या कंपनीने जाहीर केले.

पुरवठादाराची मालकी बदलण्याचे हे उदाहरण एकटे नाही. २०१५ मध्ये स्थापन झालेली ‘सिक्स रिव्हर सिस्टिम्स’ ही कंपनी २०१९ मध्ये शॉपिफायने व २०२३ मध्ये ओकॅडोने विकत घेतली. यंत्रमानव, त्यांचे नियंत्रण व व्यवस्थापन प्रणालीशी दुवा ही तिन्ही एकाच पुरवठादाराकडून घेतली, तर पहिला दिवस सोपा जातो. त्या पुरवठादाराचा धनी बदलला, म्हणजे गुदामाच्या मालकाला आपण काय विकत घेतले होते, याचा अर्थ नव्याने समजतो.

खुले संदेशनियम : या अनुभवांतून समाईक भाषेची गरज पुढे आली. तिच्या काही घटकांचा उगम गुदामाबाहेरचा होता. ‘एमक्यूटीटी’ हे हलके संदेशनियम १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवरील दूरस्थ उपकरणांची माहिती उपग्रहाद्वारे मिळविण्यासाठी तयार केले होते. यात प्रेषक व ग्राहक परस्परांशी थेट बोलत नाहीत. मधल्या संदेश-मध्यस्थाकडे विषयवार संदेश ठेवले जातात व ज्याला जो विषय हवा असेल, तो त्याला मिळतो. क्षीण व तुटक संपर्कातही हे नियम उपयोगी पडतात. गुदामात लोखंडी फडताळांमुळे बिनतारी संपर्क वारंवार खंडित होतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांची उपयुक्तता पटते.

जर्मनीतील मोटार उद्योगाची संघटना (व्हीडीए) व यंत्रनिर्मात्यांची संघटना (व्हीडीएमए) यांनी मिळून ‘व्हीडीए ५०५०’ हे नियम सिद्ध केले. त्यांची पहिली आवृत्ती २०१९ मध्ये व दुसरी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. वेगवेगळ्या उत्पादकांच्या गाड्या एकाच ताफा-नियंत्रकाखाली चालाव्यात, हा त्यांचा हेतू आहे. गाडीला दिलेली आज्ञा बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या रूपात असते. मार्गाचा काही भाग मुक्त केलेला असतो व उरलेला केवळ अपेक्षित म्हणून कळविलेला असतो. मुक्त भागाच्या शेवटच्या बिंदूवर आल्यावर पुढची परवानगी मिळेपर्यंत गाडी थांबते. त्यामुळे संपर्क तुटला, तरी ती दुसऱ्या गाडीसाठी राखलेल्या मार्गात शिरत नाही. स्थितीत बदल होईल तेव्हा, व काही बदल झाला नाही तरी ३० सेकंदांच्या आत, गाडीने आपला अहवाल पाठवावयाचा असतो.

या नियमांची मर्यादा मात्र नीट समजून घ्यावयास हवी. ते ताफा-नियंत्रक व गाडी यांमधील खालच्या दुव्यापुरते आहेत. व्यवस्थापन प्रणाली व ताफा-नियंत्रक यांमधील वरचा दुवा त्यांच्या कक्षेत येत नाही. ‘आमची यंत्रे खुल्या नियमांप्रमाणे चालतात’ असे पुरवठादाराने सांगितले, तरी ग्राहकाच्या निवडीचा मुख्य प्रश्न अर्धा शिल्लक राहतो. अमेरिकेतील मॅसरोबोटिक्स या संस्थेने मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकाचा आवाका आणखी मर्यादित आहे. यंत्रमानवांनी आपले स्थान, वेग व अवस्था परस्परांना कळवावी, एवढाच त्याचा उद्देश आहे. सिंगापूरमधील रुग्णालयांच्या गरजेतून वाढलेली ‘ओपन-आरएमएफ’ ही मुक्त आज्ञावली निरनिराळ्या ताफ्यांचे मार्ग, दारे व उद्वाहने यांच्या वापराचा मेळ घालते. एखाद्या ताफ्यावर पूर्ण ताबा आहे, त्याला फक्त थांबविता व सोडता येते, की त्याची केवळ माहिती मिळते, असे भेद ती प्रथमपासून मानते. सर्व यंत्रे सारखीच आज्ञाधारक असतात, हे गृहीत तिने धरलेले नाही.

दुव्यातील दोष : दुव्याचे बहुतेक दोष संदेश हरवणे, दोनदा येणे किंवा उलट क्रमाने येणे यांतून उद्‌भवतात. उदा., व्यवस्थापन प्रणालीने १२ खोकी आणण्याची आज्ञा दिली. यंत्रमानवाने ती आणली. पण ‘काम झाले’ हा त्याचा संदेश वाटेत हरवला. पोच न मिळाल्याने प्रणालीने तीच आज्ञा पुन्हा पाठविली. आता ठाण्यावर २४ खोकी येतात, हिशेबात मात्र १२ च लागतात. पुढे कधीतरी दुसऱ्या ग्राहकाची मागणी ‘शिल्लक आहे’ म्हणून स्वीकारली जाते व माल जागेवर सापडत नाही. यावर जुना व साधा उपाय म्हणजे प्रत्येक आज्ञेला कायमचा क्रमांक देणे. तोच क्रमांक पुन्हा आला, तर यंत्राने काम न करता फक्त पोच द्यावी. ‘व्हीडीए ५०५०’मध्ये आज्ञेसाठी संदेश पोहोचण्याची हमी नसलेली पातळीच वापरतात, विश्वसनीयता आज्ञेचा क्रमांक व तिच्या दुरुस्तीचा क्रमांक यांवर उभी असते. आयबीएम कंपनीने १९९३ मध्ये ‘एमक्यूसिरीज’ ही संदेशांची रांग सांभाळणारी आज्ञावली बाजारात आणली होती. ग्राहक प्रणाली बंद असली, तर संदेश जपून ठेवणे व ती सुरू होताच पोहोचविणे, हे तिचे तत्त्व वरच्या दुव्यात आजही उपयोगी पडते.

सुरक्षिततेचा विचार दुव्यापासून वेगळा ठेवावा लागतो. चालकरहित मालवाहू गाड्यांसाठीचे ‘आयएसओ ३६९१–४’ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. समोर माणूस आल्यावर थांबण्याचे कार्य गाडीनेच करावयाचे असते; ते दूरच्या संगणकाच्या आज्ञेवर अवलंबून ठेवता येत नाही.

कामगारांवरील परिणाम : माल माणसाकडे येऊ लागल्यावर कामगाराची पायपीट वाचली; पण त्याच्या कामाचा वेग यंत्रांच्या फेऱ्यांनी ठरू लागला. एका ठाण्यावर तासाला किती फडताळे पाठवावयाची, हा आकडा आज्ञावलीत कोणीतरी भरलेला असतो. अमेरिकेतील ‘रिव्हील’ या शोधपत्रकारितेच्या संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासात ॲमेझॉनच्या यंत्रमानव असलेल्या गुदामांत गंभीर इजांचे प्रमाण इतर गुदामांपेक्षा अधिक आढळल्याचे म्हटले होते. कंपनीने त्या निष्कर्षांना हरकत घेतली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार गुदामातील कामगाराला त्याच्यावर लादलेले कामाचे प्रमाण लेखी कळविणे मालकावर बंधनकारक झाले. जोडप्रणालीतील एक आकडा अशा रीतीने कायद्याचा विषय बनला. तो आकडा कोणाला पाहता येतो व कोणाला बदलता येतो, ही बाब म्हणून निवडीच्या वेळीच विचारात घ्यावी लागते.

भारतातील स्थिती : भारतात केंद्रीय विक्रीकराच्या काळात आंतरराज्य विक्रीवरील कर टाळण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात लहान गुदाम ठेवीत. अशा गुदामांत यंत्रमानवांवरील खर्च परवडत नसे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर अनेक लहान गुदामांऐवजी थोडी मोठी गुदामे ठेवणे फायद्याचे ठरले. महाराष्ट्रात मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, ठाणे जिल्ह्यातील भिवंडीच्या परिसरात वाढलेल्या गुदामवस्तीला त्यामुळे आणखी चालना मिळाली. यंत्रनिर्मितीतही भारतीय कंपन्या उतरल्या. २०११ मध्ये स्थापन झालेल्या ग्रेऑरेंजने फडताळे वाहून नेणारे यंत्रमानव व त्यांची आज्ञावली तयार केली; २०१६ मध्ये स्थापन झालेल्या नोएडाच्या ॲडव्हर्ब कंपनीत रिलायन्स रिटेलने जानेवारी २०२२ मध्ये बहुसंख्य भागभांडवल घेतले. भाड्याच्या गुदामात अनेक व्यापाऱ्यांचा माल एकत्र ठेवला जातो आणि प्रत्येकाची हिशेबप्रणाली वेगळी असते. अशा ठिकाणी एकाच ताफ्याला अनेक व्यवस्थापन प्रणालींशी बोलावे लागते व दुव्याचे महत्त्व यंत्रांहून अधिक ठरते.

निवडीचे निकष : वरील इतिहासातून काही निकष स्थिर झाले आहेत. वस्तूंची संख्या, त्यांची जागा व कामाची प्रगती यांपैकी प्रत्येक बाबतीत अंतिम नोंद कोणत्या प्रणालीची, हे करारापूर्वी लेखी ठरवावे व दोन्ही नोंदी ठराविक काळाने ताडून पाहाव्यात. वरच्या दुव्याचे संपूर्ण संदेशवर्णन ग्राहकाच्या हाती असावे. केवळ खुल्या मानकाचे नाव पुरेसे नाही. संपर्क तुटल्यावर, संदेश दोनदा आल्यावर, खोके जागेवर न सापडल्यावर व कामगाराने काम मध्येच थांबविल्यावर प्रणाली काय करते, हे विक्रेत्याच्या वर्णनावरून न मानता प्रत्यक्ष घडवून पाहावे. चाचणी वर्षातील सर्वांत गर्दीच्या दिवसाच्या भाराने घ्यावी. मालाच्या स्थानाची सर्व माहिती केव्हाही वाचता येईल अशा रूपात काढून घेण्याचा हक्क राखावा व पुरवठादाराची मालकी बदलल्यास तो अबाधित राहील, अशी तरतूद करावी. शेवटी, यंत्रे बंद पडलेल्या दिवशी माणसांना हाताने काम चालविता येईल, एवढी माहिती व्यवस्थापन प्रणालीत सतत असावी.

छोट्या गुदामाला एकाच पुरवठादाराची बंदिस्त प्रणाली पुष्कळदा सोयीची व स्वस्त पडते, आणि ती घेणे चूक आहे असे म्हणता येणार नाही. मात्र ती सोडावयाची झाल्यास काय बरोबर नेता येईल व काय मागे राहील, याचा हिशेब ती घेतानाच मांडावा लागतो. छिद्रपत्रांच्या काळात हा हिशेब मेजावरील गठ्ठ्यात दिसत असे. आता तो करारात व संदेशवर्णनात शोधावा लागतो.